सॉफ्टवेअरचा भाव सगळे विचारतात, मजुरी कोणी विचारत नाही



मागच्या व्हिडिओत आमच्या दुकानात तक्रारी कशा नोंदवतो ते दाखवलं, तेव्हापासून एकच प्रश्न येतोय. "सर, नाव सांगा ना, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" नाव मी सांगेन हो, पण त्याने तुमचं काम होणार नाही. मला जे चालतं ते भुसावळच्या मोबाईल दुकानाला चालेलच असं नाही, आणि पारोळ्याच्या ठिबकवाल्याला तर नाहीच. म्हणून आज निवडायचं कसं आणि भाव करायचा कसा, एवढंच बोलू. मी स्वतः यात एकदा चांगलाच आपटलोय. सुरुवात तिथूनच करतो.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. फोन, व्हॉट्सॲप, ईमेल, काउंटर अशा चार तोंडांनी येणाऱ्या तक्रारी एका जागी जमा होतात, प्रत्येकीला नंबर पडतो, ती कोणाकडे आहे आणि कधीपर्यंत सुटायला हवी हे दिसतं. याला हेल्पडेस्क म्हणतात. तक्रारीच्या नोंदीला टिकीट म्हणतात. ते हाताळणाऱ्या प्रत्येक माणसामागे दर महिन्याला पैसे लागतात, त्याला कंपनीवाले 'सीट' किंवा 'एजंट' म्हणतात.

माझं जळगावात कूलर, इनव्हर्टर आणि आरओचं विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे, धुळ्यात देवपूरला दुसरी शाखा. आपल्या खानदेशात मे महिना कसा असतो ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. पारा ४४-४५ ला टेकला की आमचा फोन थांबत नाही. थंडीत दिवसाला दहा तक्रारी असतात, त्या एप्रिल-मेत साठवर जातात. २०२३ च्या एप्रिलमध्ये मी या गर्दीला वैतागून घाईघाईत सॉफ्टवेअर घेतलं. तासाभराचा डेमो बघितला, आठ सीट, पूर्ण वर्षाचे पैसे आगाऊ, वीस टक्के सूट. सूट मिळाली म्हणून मी खूश. बीबीएला आम्हाला खरेदी आणि पुरवठादार यावर एक अख्खा धडा होता, त्यात मार्कही बरे पडले होते. त्या दिवशी त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आमचा धुळ्याचा एक टेक्निशियन काम सोडून गेला. आम्ही त्याचं लॉगिन बंद केलं. पण देवपूरच्या तक्रारी त्याच्याच नावावर जातील हा नियम सॉफ्टवेअरमध्ये तसाच राहिला. त्याच आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास एका ग्राहकाचा व्हॉट्सॲप आला, इनव्हर्टर ट्रिप होतोय. सॉफ्टवेअरने लगेच इंग्रजीत उत्तर पाठवलं, तुमची तक्रार मिळाली, नंबर अमुक. त्या घरात वडील ऑक्सिजनच्या मशीनवर होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत मेसेज केला, तो त्याच टिकिटाला चिकटला आणि तोही कोणाला दिसला नाही. दुसऱ्या रात्री लाइट गेली, इनव्हर्टर चालला नाही, आणि त्यांना वडिलांना रात्रीतून दवाखान्यात हलवावं लागलं.

वडील बरे झाले, देवाची कृपा. तिसऱ्या दिवशी मुलगा दुकानात आला. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. तो काही ओरडला नाही. मोबाईल पुढे केला, आमचं ते इंग्रजी उत्तर दाखवलं आणि म्हणाला, "तक्रार तुम्ही घेतली ना भाऊ? मग ठेवली कुठं?"

मी सॉफ्टवेअर कंपनीला विचारलं. चार दिवसांनी उत्तर आलं की माणूस काढला तर त्याची टिकिटं आपोआप दुसऱ्याकडे जाण्याची सोय वरच्या प्लॅनमध्ये आहे. त्यांची चूक किती आणि माझी किती, यावर मी बरेच दिवस डोकं खाजवलं. कराराच्या दृष्टीने बघाल तर त्यांची शून्य. डेमोत मी हा प्रश्न विचारलाच नव्हता.

आधी स्वतःची वही मोजा

कुठल्याही कंपनीला फोन करण्याआधी दोन आठवडे एक साधी वही घाला. तारीख, तक्रार कुठून आली, काय होती, कोणी सोडवली, किती वेळ लागला. बस. बहुतेकांना आपल्याकडे दिवसाला किती तक्रारी येतात याचा अंदाज असतो आणि तो चुकीचा असतो. माझा चुकला होता. मला वाटायचं फोन जास्त येतात. वही सांगत होती, दहातल्या सात तक्रारी व्हॉट्सॲपवर, आणि त्यातही निम्मे व्हॉइस मेसेज.

दिवसाला दहा-बारा तक्रारी आणि उत्तर देणारी दोन माणसं, एवढाच कारभार असेल तर विकत काही घेऊ नका. व्हॉट्सॲप बिझनेसची लेबलं आणि एक गूगल शीट, एवढ्यावर निभतं. मोठ्या कंपन्यांचे छोटे मोफत प्लॅनही असतात, पण मोफत किती माणसांना ते बदलत राहतं, घ्यायच्या दिवशी त्यांच्या साइटवर बघा. ओएसटिकिट किंवा झॅमडसारखी मुक्त सॉफ्टवेअरही आहेत. त्यांचे पैसे लागत नाहीत, पण सर्व्हर तुमचा, बॅकअप तुमचा, आणि बंद पडलं की धावायचंही तुम्हीच. गाय फुकट मिळाली तरी चारा-पाणी आपल्याच घरचं असतं.

स्वतःच्या वेबसाइटवरून माल विकत असाल तर मात्र वहीवर फार दिवस काढू नका. ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असं सांगितलेलं आहे. ग्राहक १९१५ वर फोन करून मोकळा होतो. मग कोणत्या तारखेला काय झालं, हे तुम्हाला दाखवता यायला हवं.

डेमो त्यांचा नको, तक्रारी आपल्या हव्यात

डेमोत सगळं छानच चालतं. त्यात 'माझी ऑर्डर कुठे आहे' असं शुद्ध इंग्रजीत विचारणारा ग्राहक असतो. आपला ग्राहक लिहितो, "भो, कूलर बंद पडी गया". फोटोत नेमप्लेट धूसर असते, नाव नसतं, आणि नवऱ्याच्या नंबरवरून बिल केलेलं असतं तर तक्रार बायकोच्या नंबरवरून येते.

म्हणून दुसऱ्या वेळी मी काय केलं, ऐका. जुन्या व्हॉट्सॲपमधून पन्नास खऱ्या तक्रारी काढल्या. मराठी, अहिराणी, इंग्रजी अक्षरांतली मराठी, व्हॉइस, फोटो, सगळी सरमिसळ. तीन कंपन्यांचं ट्रायल घेतलं आणि त्याच पन्नास तक्रारी तिन्हींत टाकल्या. दोन संध्याकाळी गेल्या. पण जे कळलं ते दहा डेमोंत कळलं नसतं.

पहिली गंमत शोधण्याची. कोणी 'कूलर' लिहितो, कोणी 'कुलर'. एका सॉफ्टवेअरमध्ये दीर्घ ऊकार टाकून शोधलं तर ऱ्हस्ववाल्या तक्रारी सापडतच नव्हत्या. आता ग्राहकाला शुद्धलेखन शिकवायचं का? दुसऱ्यात फोनचे शेवटचे चार आकडे टाकले की माणूस समोर. आमच्या धंद्यात हीच सोय लाखाची. तिसऱ्यात व्हॉइस मेसेज ऐकायला आधी डाउनलोड करावा लागत होता, आणि टेक्निशियन चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी असला की ते डाउनलोड होईपर्यंत चहा पिऊन होतो.

मग मी मुद्दाम मोडतोड करून बघितली. एक माणूस काढून टाकला, त्याच्या टिकिटांचं काय होतं? रविवारी रात्री तक्रार टाकली, कोणाला घंटा वाजते का? सुटलेल्या तक्रारीवर ग्राहकाने परत उत्तर दिलं तर ती पुन्हा उघडते का? एकाच ग्राहकाच्या तीन तक्रारी एकत्र करता येतात का? तुमच्या धंद्यात जिथे आजवर मार खाल्लाय ते प्रसंग आठवा आणि तेच ट्रायलमध्ये करून बघा. ट्रायल साधारण दोन-तीन आठवड्यांचं असतं. मोकळा वेळ असेल तेव्हाच सुरू करा, नाहीतर चौदा दिवस कधी उडून जातात कळत नाही.

आणखी एक. ट्रायलच्या काळात त्यांच्याच मदत विभागाला एक प्रश्न पाठवा, शनिवारी संध्याकाळी सहाला. विक्रीवाल्या पोराला नाही हं, तो तर दोन मिनिटांत फोन करेल, अजून तुम्ही पैसे दिलेले नाहीत. मदतीच्या पत्त्यावर पाठवा आणि उत्तर कधी येतं ते वहीत लिहा. तक्रारी सांभाळायचं सॉफ्टवेअर विकणारा स्वतःकडच्या तक्रारी कशा सांभाळतो, याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. मी पाठवलेल्या तिघांपैकी एकाचं उत्तर मंगळवारी आलं. त्याचं नाव मी तिथेच काटलं, फीचर कितीही असोत.

सोन्याचा भाव आणि मजुरी

आता पैशाकडे. सुभाष चौकात सोनं घ्यायला गेल्यावर आपली आई काय करायची, आठवा. सोन्याचा भाव तर बोर्डावर लिहिलेला. तिची घासाघीस चालायची मजुरीवर आणि घटीवर. आणि उठण्याआधी एक प्रश्न हमखास, "परत आणलं तर काय भावाने घ्याल?" सॉफ्टवेअरमध्ये आपण उलटं करतो. बोर्डावरच्या भावावर भांडतो आणि मजुरी विचारायला विसरतो.

माझंच गणित मांडतो. आकडे मला आलेल्या कोटेशनचे आहेत, तुम्हाला वेगळे येतील. सीटचा दर महिन्याला ९०० रुपये, वर्षाचे आगाऊ दिले तर. आठ सीट गुणिले बारा महिने, ८६,४०० रुपये. वर १८ टक्के जीएसटी १५,५५२. एकूण १,०१,९५२. हे मी पहिल्या वर्षी भरले, सूट वजा जाऊन. आणि ऑगस्टमध्ये बघतो तर आठपैकी पाच सीटवर धूळ. कारण सीझनची पोरं जूनच्या मध्यावर गेली होती.

दुसऱ्या वेळी मी आधी विचारलं, सीट नेमकी कोणाला लागते? जो ग्राहकाला उत्तर देतो त्याला. जो फक्त पत्ता घेऊन दुरुस्तीला जातो त्याला पूर्ण सीट कशाला? त्याला काम मोबाईलवर कळलं आणि 'झालं' असं कळवता आलं की पुरे. काही कंपन्यांत अशा माणसाला हलकं लॉगिन मोफत किंवा स्वस्तात मिळतं, पण ते विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. मला लागत होत्या बारमाही तीन सीट आणि उन्हाळ्याचे तीन महिने जास्तीच्या दोन. तीन सीटचे वर्षाचे ३२,४००. दोन सीट तीन महिन्यांसाठी, महिन्याच्या दराने म्हणजे ११०० ने, ६,६००. बेरीज ३९,०००, जीएसटी ७,०२०, एकूण ४६,०२०. अर्ध्याहून कमी, आणि अजून भाव करायला मी तोंडही उघडलेलं नव्हतं.

जीएसटीचं एक लक्षात घ्या. तुम्ही नियमित नोंदणीवाले असाल तर हा १८ टक्के क्रेडिट म्हणून परत धरता येतो. कंपोझिशनमध्ये असाल तर तो तुमच्या खिशातूनच जातो, त्यामुळे तुलना करताना जीएसटीसकट आकडा धरा. आणि कंपनी परदेशातली असून डॉलरमध्ये बिल देत असेल तर रिव्हर्स चार्जचा मामला येऊ शकतो. पैसे भरण्याआधी तुमच्या सीएला एक फोन करा, नंतर नको.

आता मजुरी. ती कुठे कुठे लपते ते बघा. सुरुवातीच्या सेटिंगचे पैसे. माणसांना शिकवण्याचे पैसे. जुना डेटा आत घ्यायचे पैसे. एआय बॉट घेतलात तर प्रत्येक संवादामागे वेगळा दर. आपल्या खानदेशी बोलीवर तो बॉट काय दिवे लावतो ते ट्रायलमध्ये बघूनच ठरवा, मी घेतला नाही.

सगळ्यात मोठी मजुरी व्हॉट्सॲपची. साध्या ॲपवर मेसेज फुकट असतात, पण हेल्पडेस्कला जोडायचं तर एपीआय लागतं आणि तिथे मेटा पैसे घेते. ग्राहकाने मेसेज केला की २४ तासांची खिडकी उघडते, त्या वेळात तुम्ही दिलेल्या साध्या उत्तराला मेटा पैसे लावत नाही. खिडकी बंद झाल्यावर, किंवा तुम्ही होऊन पाठवायचं असेल तर, मंजूर केलेला ठरावीक मेसेजच पाठवता येतो आणि जुलै २०२५ पासून अशा मेसेजचा हिशोब प्रत्येक मेसेजमागे होतो. म्हणजे तक्रारीला त्याच दिवशी उत्तर दिलंत तर खर्च जवळपास नाही, तिसऱ्या दिवशी 'सर, झालं का काम' विचारलंत की मीटर चालू. आता यावर मधला विक्रेता स्वतःचं किती चढवतो? सरळ विचारा, "मेटाचा दर किती आणि तुमचा दर किती?" एकाने मला मेटाच्या दरावर थोडं लावलं होतं, दुसऱ्याने महिन्याचं वेगळं भाडं. आणि दुकानाचा जुना नंबर जोडायचा असेल तर तो मोबाईलमधल्या ॲपवर पूर्वीसारखा चालू राहील की नाही, जुन्या गप्पांचं काय होईल, हे लेखी घ्या. पंधरा वर्षं बोर्डावर असलेला नंबर आहे तो, त्याच्याशी खेळ नको.

पुढच्या वर्षीचा भाव आजच ठरवा

इथे एक खरी गोष्ट सांगतो. २०१० साली झेनडेस्क नावाच्या कंपनीने, जी डेन्मार्कात सुरू होऊन अमेरिकेत गेली, आपले दर एकदम वाढवले. जुने ग्राहक खवळले, इंटरनेटवर बोंबाबोंब झाली, आणि शेवटी कंपनीला माफी मागून जुन्या ग्राहकांना जुनाच दर ठेवावा लागला. ही चर्चा चेन्नईत झोहोमध्ये काम करणाऱ्या गिरीश मातृभूतम यांच्या वाचनात आली. त्यांना आधी स्वतःलाही एक अनुभव आलेला होता. परदेशातून सामान हलवताना टीव्ही फुटून आला, भरपाईसाठी महिनोन्‌महिने कोणी दाद देईना, आणि एका फोरमवर लिहिल्यावर लगेच चक्रं हलली. तक्रारी सांभाळण्याच्या धंद्यात जागा आहे हे त्यांनी ओळखलं, नोकरी सोडली आणि फ्रेशडेस्क काढलं. तीच कंपनी पुढे फ्रेशवर्क्स झाली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅकवर गेली.

तुमच्या-माझ्या कामाचं यात काय? एक तर हे की झोहो आणि फ्रेशडेस्क दोन्ही आपल्याकडचीच, दोघांचं मूळ चेन्नईत, रुपयांत बिल देतात, आणि एकमेकांचे चुरशीचे स्पर्धक आहेत. एकाचं कोटेशन हातात असलं की दुसऱ्याशी बोलणं सोपं जातं. दुसरं, जुन्या ग्राहकाला जुना दर मिळाला तो बोंब मारल्यावर. आपण जळगावात बसून तीन सीटसाठी बोंब मारली तर कोण ऐकणार? आपल्याला ते आधीच लिहून घ्यावं लागतं.

मी विचारलं होतं, "पहिल्या वर्षीची सूट दुसऱ्या वर्षी निघून गेली तर माझा दर किती होतो?" पलीकडचा मुलगा क्षणभर थांबला. मग म्हणाला, "सर, तेव्हाच्या प्राइस लिस्टप्रमाणे." म्हणजे काहीही. मी म्हटलं, मला पहिल्या वर्षी पाच टक्के कमी सूट द्या, पण पुढची दोन वर्षं वाढ पाच टक्क्यांच्या वर जाणार नाही असं कोटेशनवर लिहा. त्याने वरिष्ठांना विचारलं. दोन दिवसांनी लिहून आलं.

भाव करताना

एक गैरसमज आधी काढतो. तीन-चार सीटच्या गिऱ्हाइकासाठी मोठी कंपनी आपला छापील करार बदलत नाही. 'वकिलाला दाखवून कलम बदलून घ्या' असा सल्ला पुस्तकात बरा दिसतो. पण कोटेशन किंवा ऑर्डर फॉर्मवर दोन-चार ओळी जास्तीच्या लिहून मिळतात, निदान ईमेलवर तरी. फोनवरचं बोलणं धरू नका. फोनवर बोललेला मुलगा सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत असतो.

वेळ महत्त्वाची. मी पहिल्यांदा एप्रिलमध्ये गेलो, तक्रारींच्या ढिगाऱ्यात अडकलेला. समोरच्याने ते माझ्या आवाजातच ओळखलं असणार. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला विचारा, घड कापायला आलेत आणि गाडी मिळत नाही अशा दिवशी भाव कोण ठरवतं. दुसऱ्या वेळी मी नोव्हेंबरात सुरुवात केली, दिवाळीची गर्दी ओसरल्यावर. मला मार्चपर्यंत घाई नव्हती. विक्रीवाल्यांना मात्र महिनाअखेर, तिमाहीअखेर टार्गेट असतं, काहींचं वर्ष डिसेंबरला संपतं. मी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सांगितलं, या पाच गोष्टी लिहून दिल्या तर शुक्रवारी पैसे. पैसे तयार असल्याशिवाय हे बोलू नका. खोटी घाई लगेच ओळखू येते.

काय मागितलं ते सांगतो. उन्हाळ्याच्या दोन सीट महिन्याच्या नाही, वर्षाच्या दराने. वाढीला पाच टक्क्यांची मर्यादा. माणूस काढल्यावर टिकिटं आपोआप सरकण्याची सोय माझ्याच प्लॅनमध्ये. माझ्या पोरांना हिंदीतून दोन तासांचं शिक्षण, फुकट. आणि सोडून गेलो तर सगळ्या तक्रारी, फोटो-व्हॉइससकट, एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलमध्ये तीस दिवसांत. बदल्यात मी दिलं काय? वर्षाचे पैसे एकरकमी, आणि हवं तर माझ्या दुकानाचा अनुभव त्यांना वापरू द्यायची तयारी. दोन वर्षांचा करार मागत होते, तो नाही दिला.

पाचपैकी चार मिळाल्या. उन्हाळ्याच्या सीटचा दर त्यांनी शेवटपर्यंत महिन्याचाच ठेवला. ठीक आहे, वर्षाला १,२०० रुपयांचा फरक, तिथे मी सोडलं. मला खरी हवी होती ती तिसरी आणि पाचवी गोष्ट. भाव करायला बसण्याआधी हे मनात पक्कं असू द्या, काय सुटलं तर चालेल आणि काय सुटलं तर उठून यायचं. मध्यातच पैसे परत, हे मी मागून बघितलं, कोणीच देत नाही.

किरकोळ वाटणाऱ्या पण नडणाऱ्या दोन गोष्टी. नाशिक-पुण्याचा एखादा डीलर मधे असेल तर हरकत नाही, मराठीत शिकवतो, फोन उचलतो. पण खातं तुमच्या स्वतःच्या ईमेलवर उघडा. माझ्या ओळखीतल्या एकाचं खातं सेटिंग करणाऱ्याच्या ईमेलवर होतं. बिनसल्यावर स्वतःच्याच ग्राहकांची यादी मिळवायला त्याला सहा आठवडे हातापाया पडावं लागलं. आणि कार्डावर ऑटो-पे लावला असेल तर रिन्युअलची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, दोन महिने आधीची. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कटण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, पण १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला ओटीपी लागत नाही. सूचना लग्नाच्या पत्रिका आणि गुड मॉर्निंगच्या गर्दीत हरवते, आणि पैसे गेलेले असतात. त्यानंतर भाव कसला करणार?

ग्राहकांचे पत्ते, फोन, घराच्या आतले फोटो तुमच्याकडे जमा होतायत, हेही विसरू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालाय. त्यात जबाबदारी ज्याने माहिती गोळा केली त्याची, म्हणजे तुमची. सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, खातं बंद केल्यावर माझ्या ग्राहकांची माहिती किती दिवसांत पुसता.

देवपूरचं ते घर आजही आमचं ग्राहक आहे, का आहे ते मला अजून नीट कळलेलं नाही. त्यांच्या नंबरवर आता एक लाल खूण आहे. तिथून काहीही आलं तरी, अगदी नुसता 'हॅलो' आला तरी, माझ्या आणि धुळ्याच्या मॅनेजरच्या फोनवर एकदमच वाजतं. घरात आजारी माणूस, लहान बाळ, एकटे म्हातारा-म्हातारी असतील तर बिल करतानाच विचारून ही खूण करतो. ही सोय सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्येही होती, पहिल्या सॉफ्टवेअरमध्येसुद्धा. मीच कधी वापरली नव्हती.

यंदा सीझनच्या आधी, मार्चमधल्या एका रविवारी रात्री पावणेदहाला मी बायकोच्या मोबाईलवरून तक्रार टाकली. धुळ्याचा पत्ता, कूलर सुरू होत नाही, घरी बाळ आहे. कोणाला काही सांगितलं नव्हतं. अकराव्या मिनिटाला फोन वाजला. आमचा नवा पोरगा होता, दोन महिन्यांपूर्वी लागलेला. "ताई, पत्ता बघितला, निघतोच आहे. तोवर प्लग काढून ठेवा." त्याला थांबवायला बायकोला खरं काय ते सांगावं लागलं, आणि मग मला त्याला गाडीच्या पेट्रोलचे पैसे द्यावे लागले, कारण तोवर तो अर्ध्या रस्त्यात पोचला होता.